पितृपंधरवड्यातला खुलासा

पितृपंधरवडा लागला की माझ्याकडे खुनांची मागणी वाढते. ऐकायला बरं वाटत नाही, पण वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय. गणपती पाण्यात गेले, मांडवांचे बांबू सुटायला लागले, की दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी आठवण होते. या पंधरा दिवसांत पुण्यात कुणी साधा कुकर विकत घेत नाही, फ्लॅटचं बुकिंग तर लांबच. पण "सर्वपित्रीपर्यंत एक झकास खून द्या बुवा" असं सांगताना कुणाची जीभ अडखळलेली मी ऐकलेली नाही.

यंदा फोन आला तो मात्र नव्या खुनासाठी नव्हता. माझ्या प्रकाशकांकडे हल्ली सायली नावाची एक मुलगी संपादनाचं काम बघते. हुशार आहे. मला मॅम म्हणते, मी ते चालवून घेते. "मॅम, तुमची ती नदीतल्या खुनाची कादंबरी आम्ही री-लाँच करतोय. नवं कव्हर, आणि ऑडिओसुद्धा. व्हॉइस आर्टिस्ट ऑलमोस्ट फायनल आहे. खरं सांगू? तो काकाचा ट्विस्ट आजही भारी वाटतो!"

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. शेजारच्या घरात कुणाची तरी तिथी असावी. वडे तळल्याचा वास येत होता आणि समोरच्या गच्चीवर एक गृहस्थ हातात पान घेऊन कावळ्याची वाट पाहत उभे होते. उन्हं तापली होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले ती दूध उतू गेल्यावरच भानावर आले.

त्या कादंबरीची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होते. खिडक्या दोन. जन्माच्या खिडकीवर पेढे यायचे, बाळाच्या नावावरून सासू-सुनांची हसतखेळत भांडणं व्हायची. मी दुसऱ्या खिडकीवर. तिथं कुणी काही आणत नसे. साडेदहा ते साडेपाच लोकांची मरणं रकान्यांत बसवायची आणि पहाटे पाच ते साडेसात स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी स्वतःची मरणं रचायची, असा माझा दिवस. "आज कुणाचा नंबर?" असं विचारत आमचे हे चहाला यायचे. पुस्तकांवर माझं नाव फक्त आद्याक्षरांनी आणि आडनावाने छापलेलं असे, त्यामुळे वाचकांची पत्रं यायची ती "प्रिय श्री." अशीच सुरू होऊन. मलाही ते सोयीचं होतं. कचेरीत फारसं कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत होतं त्यांना वाटायचं, बाई काहीतरी कथाबिथा लिहितात.

एक नियम मी कसोशीने पाळला. रजिस्टरातलं नाव पुस्तकात घ्यायचं नाही. मेलेल्या माणसाचं नाव उचलणं मला चोरी वाटे. वाक्यांबद्दल मात्र मी काही नियम केला नव्हता.

नव्वदीची अखेर असेल. शहराच्या पूर्वेला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. हडपसरची माणसं कचेरीत आली की बोलता बोलता जमिनीचे विषय निघायचे; कुणाच्या कोबीच्या वावरावर कंपनी येणार, कुणाच्या भावकीत सह्या अडल्या. वैशाखातल्या एका दुपारी दोघे भाऊ माझ्या खिडकीवर आले. दोघांचं नाक अगदी एकसारखं. थोरला बाप होता. त्याचा बावीस वर्षांचा मुलगा कालव्यात सापडला होता. धाकटा, म्हणजे मुलाचा चुलता, कागद घेऊन पुढे झाला. दवाखान्याचा कागद, पोलिसांचा कागद, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं क्रमाने टाचणी लावून. अक्षर सुरेख. मृत्यूचं कारण, पाण्यात बुडून.

मी लिहीत असताना थोरला भाऊ खिडकीच्या गजाला धरून म्हणाला, "बाई, त्याला पोहता येत व्हतं. तेवढं लिवा कुठंतरी."

मी मान वर न करता म्हणाले, "त्याला रकाना नाही."

हे मी म्हणाले. आजही आठवलं की कानशिलं तापतात. पण तेव्हा रांग होती, उकाडा होता आणि मी पुण्याची कारकून होते. धाकट्याने भावाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला बाजूच्या बाकावर बसवलं, परत आला आणि दाखला हातात घेऊन वाचू लागला. दोनदा वाचला. मग खिडकीतून आत सरकवत म्हणाला, "नितीनमधला ती दीर्घ हाय, बाई. तुमी ऱ्हस्व काढलाय." मी दुरुस्त केलं. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत होते. दाखल्याची नीट घडी घालून त्याने वरच्या खिशात ठेवली आणि भावाला उठवून घेऊन गेला.

त्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात मला दिवाळी अंकासाठी कादंबरी द्यायची होती आणि डोक्यात काही म्हणजे काही येत नव्हतं. मग हे दोघे भाऊ आले. मी गाव बदललं, साताऱ्याकडे नेलं. कालव्याची नदी केली. नावं अर्थातच माझी. पण पट्टीचा पोहणारा तरुण बुडतो कसा, या प्रश्नापासून मी सुरुवात केली, बापाच्या तोंडी ते वाक्य जसंच्या तसं घातलं, आणि जमीन विकायला पुतण्या आड येतो म्हणून चुलत्याला खुनी केला. माझ्या इन्स्पेक्टरला तो सापडतो कसा? तर दाखल्यावरची वेलांटी दुरुस्त करून घेतो म्हणून. "ज्याचं काळीज फाटलेलं असतं त्याला ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही," असं माझा इन्स्पेक्टर शेवटच्या प्रकरणात म्हणतो. त्या वाक्यावर मी स्वतःच खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. शेवटच्या प्रकरणाला मी नेहमीप्रमाणे नाव दिलं होतं, 'खुलासा'.

अंक गाजला. पुढच्या उन्हाळ्यात पुस्तक आलं. वाचनालयांतून त्याला नंबर लागायचे. आमचे प्रकाशक नाना, पांढरा सदरा आणि कपाळावर चष्मा असा माणूस, कधी कुणाचं कौतुक न करणारे. तेही म्हणाले, "बरी झालीय." नानांच्या तोंडचं "बरी" म्हणजे इतरांचा हारतुराच की.

मग पुन्हा भाद्रपद आला आणि वद्य पक्ष लागला. त्या दिवसांची मला फार बारीकसारीक आठवण आहे. पाऊस रेंगाळला होता. दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस ओले राहायचे, प्रुफांचे कागद सादळून एकमेकांना चिकटायचे. छापखान्यात नुकते कॉम्प्युटर आले होते आणि नवा ऑपरेटर जोडाक्षरं अशी काही फोडायचा की माझ्या एका कथेत हत्येचा शब्दशः चुराडा झाला होता. रविवारी सकाळी मी जमिनीवर प्रुफं पसरून बसले असताना बेल वाजली. दारात साठीकडे झुकलेले एक गृहस्थ, हातात छत्री, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.

"लेखकसाहेब हायेत का घरात?"

"मीच. या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग छत्री दाराशी टेकवत म्हणाले, "असं व्हय. मला वाटलं, त्या खिडकीवरल्या बाईनं कुणा लेखकाला सांगितलं असंल. तुमीच व्हय त्या."

मी ओळखलं. नाकावरून ओळखलं. त्यांचं नाव किसनराव. 'यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' हे वाक्य मी ओठांवर तयार ठेवलं होतं, माझ्यासारख्या बाईला ते पाठच असतं. ते तिथंच वाळून गेलं.

किसनराव आवाज न चढवता बोलले. त्यांच्या भाच्याच्या मुलीने वाचनालयातून पुस्तक आणलं होतं. तिला पोहण्याचं वाक्य ओळखीचं वाटलं, कारण बबनदादा, म्हणजे नितीनचे वडील, ते वाक्य येईल-जाईल त्याला ऐकवत होते. पुस्तक या घरातून त्या घरात गेलं. कंपनीला जमीन द्यायची बोलणी खरोखरच चालू होती आणि नितीन खरोखरच नको म्हणत होता. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी अंदाजाने बाण सोडला होता आणि तो नेमका लागला होता. "तुमी माझं नाव घेतलं न्हाई," ते म्हणाले, "पर गावानं घेतलं." दादा बोलायचे थांबले. सर्वपित्रीच्या जेवणाला अख्ख्या भावकीला सांगावा गेला, सख्ख्या भावाला नाही.

मग त्यांनी वर्तमानपत्र सोडून पुस्तक काढलं. शेवटचं प्रकरण उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"ह्याला तुमी खुलासा म्हणता. आमच्याकडं खुलासा म्हंजी पेपरात देत्यात तो. तसला एक द्या. ह्ये खरं न्हाई म्हनून."

मी चहा केला. दुसरं काय करणार? चहा पिता पिता, मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून की काय, ते म्हणाले, "ती वेलांटी चुकली असती तर पुढं जाऊन कुणीतरी दाखला परत केला असता. दादाला पुन्यांदा तुमच्या खिडकीवर यावं लागलं असतं. त्यो आला असता का, सांगा तुमी?"

मला तेव्हा रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडायचा मला काहीएक हक्क नव्हता. अहो, मी बारा वर्षं त्या खिडकीवर बसत होते! तिथं येणारा जवळजवळ प्रत्येक जण न रडणाराच असायचा. प्रत्येक घरात असा एक असतो. बाकीचे आडवे होतात आणि हा फोन करतो, मडकं आणतो, भटजींना रिक्षात बसवून देतो, दाखल्याच्या रांगेत उभा राहतो. त्याची पाळी येतच नाही. मी रोज तीच माणसं बघत होते, त्यांच्याच सह्या घेत होते, आणि लिहायला बसले तेव्हा त्यांतल्याच एकाला कोरड्या डोळ्यांबद्दल फाशी दिली. जिला हे कळायला हवं होतं अशी पुण्यात मी एकटीच असेन.

"दिवाळी होऊ दे, काहीतरी करते," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि छत्री घेऊन गेले. ते जिना उतरत असताना, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या मनात आलं की एवढ्या बोलण्यात या माणसाने "मी केलं नाही" असं एकदाही म्हटलं नाही. लिहिणाऱ्या बाईने ते टिपून ठेवलं. इतकी वाईट खोड असते ही.

नानांकडे गेले. नाना प्रुफांतून मान वर न काढता म्हणाले, "अवश्य छापू. आज हडपसरातली चार घरं म्हणतायत. खुलासा छापला की अख्खा महाराष्ट्र म्हणेल. आणि आवृत्ती दसऱ्याच्या आत संपेल, तो भाग वेगळा. तुम्हाला काय हवंय ते सांगा." त्यांचं चूक नव्हतं. पण मला मनातून सुटल्यासारखं वाटलं त्याचं कारण निराळं होतं. खुलासा छापला असता तर मला हे कुठून कळलं, असा प्रश्न कचेरीत निघाला असता आणि माझी नोकरी गेली असती. मी भ्याले. नानांचं शहाणपण मी माझ्या भित्रेपणावर पांघरूण म्हणून वापरलं.

दिवाळी झाल्यावर एकदा हडपसरला गेले मात्र. बस गाडीतळाला सोडायची, तिथून चालत. फ्लॉवरची वावरं होती अजून, पण मोजणीचे दगड रोवून झाले होते. दोघा भावांच्या अंगणामध्ये सिमेंटच्या ठोकळ्यांची नवी भिंत अर्धी उठली होती. बबनराव ओट्यावर बसले होते. त्यांच्या बायकोने पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. मी रचलं, सगळं रचलं, तुमच्या भावाबद्दल मला काही म्हणजे काहीही माहीत नव्हतं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला पोहता येत व्हतं, हे बी तुमीच रचलं का?"

"नाही."

"मग?"

खोट्याच्या ढिगात एक खरं वाक्य ठेवलं की सगळा ढीग खरा होतो, हे तंत्र मी तरुण लेखकांच्या शिबिरांत शिकवत असे. त्या ओट्यावर ते मला उलटं शिकायला मिळालं. नितीनची आई तेवढी आतून म्हणाली, "मग खरं काय झालं त्ये तरी शोधून सांगा, बाई. तुमी तर शोधता न्हवं?" मी माहीत नाही म्हणाले. माझ्या तेवीस पुस्तकांत एकदाही कुणी हे म्हटलेलं नाही. मी पाणी अर्धवट टाकून उठले.

त्यानंतर पुष्कळ काही झालं. कचेरीत संगणक आले, रकाने पडद्यावर गेले. मी निवृत्त झाले. मोबाइल आले आणि माझ्या निम्म्या रहस्यांचं दिवाळं वाजलं. पूर्वी माणूस कात्रजच्या घाटापलीकडे गेला की दोन दिवस त्याचा पत्ता लागत नसे, आता त्याची आई त्याला बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या फोन करते. नाना गेले. वाचनालयं एकेक करून मिटली, रद्दीवाल्याकडे माझीच पुस्तकं मला शिक्क्यांसकट दिसायला लागली. मी लिहीत राहिले, पण शेवटच्या प्रकरणाला पुन्हा कधी तसं नाव दिलं नाही. किसनरावांची आठवण दर भाद्रपदात यायची. आणि दर वेळी त्या आठवणीमागून हलक्या पायांनी ती शंकाही यायची. काय सांगावं, केलंही असेल. एखादा दिवस ती मला दूर ढकलता यायची, एखादा दिवस नाही.

सायलीला मी शेवटी नाही म्हणून कळवलं. "बट मॅम, व्हाय?" या तिच्या प्रश्नाला "कारण आहे" एवढंच म्हणाले. आणि मग मला वाटलं, ही बातमी किसनरावांना स्वतः जाऊन द्यावी. आता वाटतं, मला शाबासकी हवी होती.

रिक्षाने गेले. भिंत नव्हती, अंगण नव्हतं, वावरं नव्हती. चार विंगांची सोसायटी होती, खाली पोहण्याचा तलाव, निळा. फाटकावरच्या रखवालदाराने नाव विचारून वर फोन केला. बी विंग, सातवा मजला. किसनराव खूप म्हातारे झाले होते. सून दार उघडून आत गेली. बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या, तिथं बसलो. तिथून आयटी पार्कच्या काचा दिसत होत्या आणि खाली गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं वडापावच्या गाडीभोवती उभी होती.

मी कोण ते सांगावं लागलं नाही. "बसा, बाई," ते म्हणाले.

"बबनराव?"

"दादा गेलं परवाच्या साली. समोरच्या विंगेत ऱ्हायचं. दाखला मीच काढला. आता कॉम्प्युटर हाय तिथं. पर नाव मी तपासून घेतलं."

"बोलले का शेवटी तुमच्याशी?"

"दवाखान्यात हात धरला व्हता. बोलाया तोंडात नळी."

मी पर्समधला रुमाल काढला, परत ठेवला. मग सांगितलं, की प्रकाशक पुस्तक पुन्हा काढायचं म्हणत होते, मी नको म्हणून कळवलंय, आता ते कधीच निघणार नाही. त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"छापा न्हाईतर नका छापू. त्यानं काय व्हतंय आता." ते समोरच्या विंगेकडे बघत होते. "बाई, इतक्या वर्सांत मला कुनी इचारलंच न्हाई. गाव माझ्या मागं बोललं. दादानं भिंत घातली, पर इचारलं न्हाई. वैनीनं न्हाई. माझ्या बायकूनं न्हाई, ती तशीच गेली. आपन हून कशापायी सांगत सुटायचं? कुनी इचारील म्हनून म्या वाट बघितली. तुमी तर एवढं पुस्तक लिवलं. तुमी बी न्हाई."

खाली कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला होता. माझ्या प्रत्येक पुस्तकात इन्स्पेक्टर प्रत्येकाला विचारतो. मोलकरणीला, दूधवाल्याला, आंधळ्या म्हाताऱ्याला. त्यातच शंभर पानं जातात. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"किसनराव, नितीनला तुम्ही मारलंत का?"

"न्हाई," ते म्हणाले.

मग खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले. "एवढंच इचारायचं व्हतं, बाई."